आत कोणीतरी पळतंय

अर्धी निळी, अर्धी पारदर्शक. पारदर्शक अर्ध्यात खसखशीएवढे पांढरे दाणे – खिडकीकडे धरलं की एकमेकांवरून घरंगळायचे, जणू आत एवढुसा किनारा आहे आणि कोणीतरी तो सारखा इकडून तिकडे कलंडवतंय... कॅप्सूल तिच्या तळहातावर होती, पाण्याचा पेला ओट्यावर, आणि पेल्याच्या पलीकडे, पाण्यातून फुगलेलं दिसणारं मुंगीचं नाक.

“घे ना,” मुंगी म्हणाली.

रोज सकाळी आईला गोळी द्यायची हे मुंगीचं काम. डबी आईने उघडायची, पेला मुंगीने पुढे सरकवायचा, आईने गिळून जीभ बाहेर काढून दाखवायची, मग मुंगीने म्हणायचं, “शाब्बास.” पाच वर्षांची पोर, पण या कामात खाडा नाही. चपला ओळीत, चमचे ओळीत, बादलीशेजारचे मगसुद्धा ओळीत – म्हणून तर बापाने तिचं नाव मुंगी पाडलं. आणि वर हेही म्हणाला की आईचा वेंधळेपणा पोरीत उतरला नाही, सुटलो. हसत म्हणाला होता. तिनेही हसून घेतलं होतं.

“आज नको,” ती म्हणाली.

“का?”

का... का म्हणजे, आज चार वाजता डॉक्टरबाईंकडे तपासणी आहे, तिथे तो काळा पट्टा दंडाला आवळला जाणार, आणि पट्ट्याला काही भीडभाड नसते. गोळी घेतली की तासाभरात डोक्यात शांत होतं – सगळे नळ एकदम सोडलेल्या घरात कोणीतरी फिरून एकच चालू ठेवावा, बाकीचे घट्ट बंद करावेत, तसं शांत – आणि त्याच्या मागोमाग, पाहुण्याबरोबर न बोलावलेला पाहुणा यावा तसं, छातीत ते सुरू होतं. धावताना नाही, धावताना कोणाचंही धडधडतं. स्वस्थ बसलेली असताना. एक ठोका जरा लवकर, मग एक गाळलेला, मग गाळलेली जागा भरून काढायला चार-पाच एकदम धावत... डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: या गोळ्यांनी ठोके वाढतात, बीपी चढतं, जरा जरी वेगळं वाटलं तर लपवायचं नाही, डोस कमी करू, नाहीतर बंद करू, दुसरं काही बघू. जगातलं सगळं ती विसरते. ‘बंद करू’ एवढं मात्र पाठ.

मग आजच्या दिवस गोळी नाही. पट्टा गप्प राहील. उद्यापासून आहेच.

“आज गोळीला सुट्टी,” ती म्हणाली. “पण कोणाला सांगायचं नाही हं. बाबांना नाही, डॉक्टरबाईंना तर नाहीच. आपलं दोघींचं गुपित.”

मुंगीने मान हलवली, पण लगेच नाही. गुपित तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. काठोकाठ भरलेला पेला न्यावा तशी ती ते घेऊन स्टुलावरून खाली उतरली. मग सवयीने आईच्या छातीला कान लावला. हे खूळ तिचं अलीकडचं. काही दिवसांपूर्वी अशीच बिलगली असताना एकदम मान वर करून म्हणाली होती, “आई, तुझ्या आत कोणीतरी पळतंय.” कोण पळतंय, विचारलं, तर म्हणाली, “माहीत नाही. दिसत नाही ना.”

आज बराच वेळ कान लावून राहिली.

“आज कोणी पळत नाहीये,” मुंगी म्हणाली. “झोपलंय वाटतं.”

बघा. पट्ट्याच्या आधी हिने निकाल दिला. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता, मुंगीचा एक मोजा सापडत नव्हता, दूध उतू जायच्या बेतात होतं, आणि दूध बघायला वळताना ती मोजा विसरली आणि मोजा शोधताना दूध. कॅप्सूल फेकवेना. स्वेटरच्या खिशात टाकली.

जिना उतरताना ती नेहमी कठड्याच्या बाजूने उतरते. भिंतीकडच्या बाजूला, तिसऱ्या पायरीवर, तिचे स्वतःचे बाबा बसलेले असतात. हा तो जिना नव्हेच, तो दुसऱ्या घराचा, दुसऱ्या गावातला. पण बाबा प्रत्येक जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसतात, बुटाची नाडी बांधायला वाकलेले, आणि तिची आई वरून म्हणतेय, अहो, डबा राहिला... डबा घेऊन आई खाली आली तर नाडी अर्धी बांधलेली होती आणि बाबा तसेच वाकलेले. म्हातारे नव्हते. केस काळे कुळकुळीत. सिगारेटी ओढायचे, जागरणं करायचे, सगळं खरं – पण बाबाही वेंधळे होते ना? चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे. त्यांनी कसली गोळी घेतली नव्हती. गोळी न घेताही त्यांचं हृदय थांबलं, मग माझं गोळी घेऊन... नाही, हा हिशेब बरोबर नाही, हे तिलाही कळत होतं. डॉक्टरबाईंना बाबांचं सांगितलं होतं तिने, तेवढं खरं बोलली होती. त्यांनी कार्डिओग्राम काढला, छातीवर थंड जेली चोपडून पडद्यावर हृदय दाखवलं – काळ्या पाण्यात एक झडप उघडत होती, मिटत होती, उघडत होती – आणि म्हणाल्या, आज तरी सगळं ठीक आहे, पण तुमच्यावर माझं जास्त लक्ष राहील. लक्ष. दुसऱ्यांकडे ते किती असतं.

“आई, हात,” मुंगी म्हणाली. रस्ता आला होता.

कोपऱ्यावर लाँड्री. इथून जाताना तिची मान आपोआप वळते, पलीकडे, जिथे बघण्यासारखं काही नाही. काचेआड वाफेची इस्त्री फुसफुसते, हँगरांना लोकांचे शर्ट बिनडोक्याचे लटकलेले. मुंगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. बाबागाडी आत घेऊन गेली, धुतलेले पडदे घ्यायला. पडदे घेतले, हातात मोठं गाठोडं, त्यावर गरम वाफेचा वास; दारातून बाहेर पडताना मनात आलं की बैठकीच्या खिडकीची एक कडी सैल आहे, खिळा हवा, खिळा कुठे ठेवला होता, निळ्या डब्यात की... घरी आली. खुर्चीवर चढून पडदे लावले. छान दिसत होते. मागे सरून बघितलं, आणि खोली इतकी शांत का आहे हे तिला कळायला वेळ लागला.

पडदे घरी आणले आणि पोर लाँड्रीत.

लाँड्रीवाली बाई बाबागाडी हलवत बसली होती. नुसतं म्हणाली, “झोपलीय अजून.” ते झोपलीय अजून तिच्या कानात आजही आहे, दुपारी, भांडी घासताना, कधीही. त्यानंतर नवऱ्याने कुठे कुठे वाचलं, चौकशा केल्या, आणि तिशीला टेकताना तिला कळलं की ज्याला आई धांदरटपणा म्हणायची, शाळेतल्या बाई ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणायच्या, सासूबाई काहीच न म्हणता नुसतं सुस्कारायच्या, त्याला एक नाव आहे. एडीएचडी. लहान मुलांचं दुखणं वाटायचं तिला ते. लहान मूल होतेच ना मी. कोणी बघितलं नाही एवढंच.

म्हणजे एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला लाँड्री. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. पण आड काय नि विहीर काय, काठावर मुंगीच उभी. गोळी घेतली आणि मी जिन्यात बसले तर हिचं कोण – गोळी सोडली आणि हिलाच कुठे ठेवून आले तर...

“आई, हात दुखतोय,” मुंगी म्हणाली. केवढा आवळून धरला होता.

शाळेच्या फाटकात मुंगी बूट नीट करून उभी राहिली, आणि आत जाता जाता वळून ओठांवर बोट ठेवलं. शू. गुपित. तीही हसली, तिनेही बोट ठेवलं. चांगल्या खेळासारखं वाटलं त्या वेळी.

ती दात करते. म्हणजे, दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात, त्या मापावरून प्लॅस्टरचा जबडा ओततात, आणि त्या जबड्यातल्या रिकाम्या जागेत ती आधी मेणाचा दात कोरते, मग पोर्सेलीनचा थरावर थर चढवून भट्टीत घालते. खोली लांबट, खिडकी उत्तरेला, कारण दाताचा रंग उत्तरेच्या उजेडात खरा कळतो. भिंतीशी फळ्यांवर जबडेच जबडे, नाव नाही, गाव नाही, सगळे आ वासून. समोरच्या टेबलावर काका – प्रयोगशाळा त्यांची, वय झालेलं, स्वतःचे दात मात्र अजून स्वतःचे, आणि हा विनोद ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात.

गोळी सुरू झाल्यापासून या टेबलावर तिला सुख लागलं होतं. दुसरा शब्द नाही. मेणाला सुरी लावली की जग तेवढंच – दाताची कडा, कडेवरची जवळजवळ न दिसणारी लाट. काका मागे उभे राहून म्हणायचे, “पोरी, हात बसला हो तुझा.” हात पूर्वीही होता तिला. तो एका जागी राहायचा नाही, एवढंच.

आज हाताखाली पुढच्या दाताचं काम होतं, कोणा तरुण मुलीचं. लग्न जवळ आलंय, लवकर हवा, असा निरोप. तिने मेण तापवलं. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, टूं टूं टूं. पॉलिशच्या यंत्राची घरघर. काकांचा रेडिओ. चार वाजता डॉक्टर. तीनला निघायचं, वाटेत मुंगी. छातीत... काही नाही. झोपलंय. दर थोड्या वेळाने ती आत डोकावून बघत होती, निजलेल्या पोराच्या खोलीत डोकवावं तशी – आणि डोकावल्याने उठेल म्हणून घाबरून मागे. चार वाजता डॉक्टर. ईसीजी पुन्हा काढतील का? त्यात कालचं कळतं का? काल रात्री जेवताना तर केवढं... मेण थंड झालं. पुन्हा तापवलं. फोन वाजला.

“अगं, आहेस ना?” नवऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा. तो लिफ्टा दुरुस्त करतो. बहुतेक फोन दोन मजल्यांच्या मधून येतात. “आज तपासणी, लक्षात आहे ना?”

“हो रे बाबा.”

“गोळी घेतलीस?”

“घेतली.”

इतकं सहज. श्वास सोडावा तसं.

“धडधड वगैरे?”

“कुठे काय. तूच जास्त विचार करतोस.”

“मग काय करू, माझा जीव कायम दोरीला टांगलेला,” तो हसला. त्याचा हा विनोद काकांच्या विनोदाइतकाच जुना. मग जरा थांबून म्हणाला, “त्यांना सगळं सांग हं. काही ठेवू नकोस.”

“हो.”

घरातलं बीपीचं यंत्र त्यानेच आणलेलं. सुरुवातीला रोज बघायचा, आकडा पुटपुटायचा. मग यंत्र सापडेना. “कुठे ठेवलंस?” त्याने विचारलं, आणि ती म्हणाली, “आठवत नाही रे,” आणि त्याने लगेच विश्वास ठेवला – कारण वेंधळ्या बाईला काही आठवत नाही यावर कोणीही विश्वास ठेवतं. यंत्र जाड पांघरुणांच्या घडीत आहे. तिला अगदी नीट आठवतं. आयुष्यभर ज्याने मारलं, ते दुखणं असं पहिल्यांदा कामी आलं.

मेण पुन्हा थंड. पुन्हा तापवलं. कोरलं. दुपार कधी कलली कळलं नाही, पण दात झाला, आणि चांगला झाला, कोपरा किंचित गोलसर, जसा त्या मुलीच्या शेजारच्या दातांचा होता. ती मान तिरकी करून बघत राहिली. काका उठून आले. मेणाचा दात उचलला, जबड्यापाशी नेला, फिरवला, पुन्हा नेला. हसले नाहीत.

“हा कोणाचा?”

“त्या लग्नाच्या मुलीचा.”

“अगं, तिचा डावा पडलाय. हा उजवा केलास तू.” त्यांनी दात तिच्या तळहातावर ठेवला. “हा आरशातल्या नवरीला बसेल.”

तिने बघितलं. खरंच. एकूण एक रेघ बरोबर आणि सगळा दात उलटा. शिकाऊ पोरं पहिल्या महिन्यात करतात ही चूक.

“आज चित्त कुठाय तुझं?”

“काका, मी पुन्हा करते, आत्ता करते–”

“आत्ता नको. आत्ता तू डॉक्टरकडे जाणारेस. तीन वाजून गेले.” ते टेबलाशी परत निघाले, मग थांबले. “दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे, हे हत्तीला परवडतं गं. त्याचं तोंड मोठं. आपलं गिऱ्हाईक एकाच दाताने हसतं नि त्यानेच चावतं. दिसायला छान केलास, पण बसायला नको?”

ते दाताबद्दलच बोलत होते. दाताबद्दलच. काकांना काय माहीत.

तीन वाजून गेले... म्हणजे किती? ती रस्त्यावर आली. घाई करायची, पण घाईतच सगळं निसटतं, म्हणून मनात ओळ लावली, मुंगीसारखी: आधी शाळा, मग दवाखाना. आधी शाळा, मग दवाखाना. आधी शाळा... एका दुकानाच्या काचेत फरश्यांचे नमुने मांडले होते. पांढरे. एवढे पांढरे: दुधी, शिंपल्याचा, हाडाचा, धुतलेल्या कपड्याचा, आणि एक असा की ज्याच्या तळाशी किंचित करडा, अगदी त्या मुलीच्या दाताच्या मुळाशी होता तसा – हा थर आधी द्यायचा, त्यावर पारदर्शक, मग कडेला निळसर... म्हणजे मी कायम हा करडा वरून देत होते, तो आतून यायला हवा, आतून, म्हणून जिवंत दिसत नाही – आणि हे सापडल्याचा आनंद एवढा होता की ती काचेला नाक लावून उभी राहिली, बोटं हवेत थर चढवत होती, आणि कुठेतरी मागे, फार मागे, एका बंद खोलीत कोणीतरी म्हणत होतं, खोली एवढी शांत का आहे–

मुंगी.

ती धावली. कशी धावली ते तिला नंतरही आठवलं नाही. एक माणूस “अहो बाई” म्हणाला, पिशवी कोणावर तरी आपटली. गोळी नाही काही नाही, आणि छातीत घण. झोपलीय अजून. झोपलीय अजून. फाटक लोटलेलं, पटांगण रिकामं, झोपाळे गप्प.

व्हरांड्यातल्या बाकावर मुंगी बसली होती, दप्तर मांडीवर, पाय जुळवलेले. शेजारी शाळेची मावशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी.

“आलात का,” मावशी म्हणाली, रागाने नाही. “मी म्हटलं, फोन करू का आईला, तर ही म्हणते नको, आई येणारच आहे. का उशीर झाला, तर ते सांगायचं नाही म्हणते. मोठी धोरणी आहे हो.”

रस्त्यावर आल्यावर मुंगी म्हणाली, “मला माहीत होतं तू विसरशील.”

“मी... विसरले नाही गं, जरा–”

“आज गोळी नाही ना. म्हणून.” आवाजात तक्रार नव्हती. ढग आलेत म्हणजे पाऊस, इतक्या साधेपणाने. “मी मावशीला सांगितलं नाही. गुपित आहे ना.”

तिने मुंगीचा हात धरला, या वेळी आवळला नाही, आणि तरी दवाखाना येईपर्यंत हात ओला झाला होता; कोणाचा घाम ते कळत नव्हतं.

सिस्टरने पट्टा बांधला. फुगला, आवळला, सुटला. सिस्टरने आकडा बघून भुवई उचलली.

“ताई, धावत आलात ना? पाच मिनिटं बसा. पाय टेकवून. बोलू नका.”

ती बसली. समोर भिंतीवर हृदयाचं चित्र, लाल-निळ्या नळ्यांचं, ऐटीत. पाच मिनिटं. उतर. उतर बाई. हे तुझं खरं नाही, हे धावण्याचं आहे, फरश्यांचं आहे... आणि खरं ते कुठलं मग? जे खरं ते तर मी घरी ठेवून आले. मुंगी बाजूच्या खुर्चीवर, तीही पाय टेकवायला बघत होती, पुरत नव्हते. तीही बोलत नव्हती. दोघींना मिळून गप्प राहायला सांगितलं असावं अशी.

दुसऱ्यांदा आकडा उतरला. सिस्टर म्हणाली, “बघा, छान. सकाळची गोळी झालीय ना?”

“हो.”

मुंगीने तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघत राहिली.

आत डॉक्टरबाई प्रसन्न होत्या. चष्म्यावरून बघत त्यांनी सगळं विचारलं, घाई न करता: धडधड? नाही. ठोका चुकल्यासारखं? नाही. चक्कर, छातीत दडपण, जिना चढताना दम? नाही. नाही. नाही. एकेक ‘नाही’ तिने आरशातल्यासारखं नेटकं कोरून दिलं.

“कॉफी कमी केलीत?”

“हो.” हे तरी खरं.

“मग उत्तम. खरं सांगू, मला तुमची जरा काळजी होती, वडिलांचं ऐकल्यापासून. पण गोळीवर असताना बीपी असं राहतंय, ठोके एवढे शांत, म्हणजे तुमच्या हृदयाने ती चांगली पचवली.” त्यांनी कागद पुढे ओढला. “मागे म्हणाला होतात, दुपारनंतर परिणाम ओसरतो?”

“हो... म्हणजे, थोडा.”

“मग एक पायरी वर जाऊ. डोस वाढवू या.”

एक पायरी वर.

हे तिच्या हिशेबात नव्हतंच. ती चोरी करायला आली होती ती आहे तेवढं टिकवण्यासाठी; आणि इथे तर वर आणखी हातावर ठेवत होते, कौतुकाने, न मागता. आता नाही म्हणायचं तर का म्हणायचं? आणि हो म्हटलं तर... काल रात्री घास तोंडात असताना छातीत जे झालं, ती रिकामी जागा, जिच्यात पुढचा ठोका येतो की नाही म्हणून ती चमचा धरून थांबली होती, आणि नवरा विचारत होता मीठ हवंय का – त्याच्यावर एक पायरी. बाबा तिसऱ्या पायरीवर. नाडी अर्धी. चांगली गोष्ट आहे, हो म्हण, डोकं आणखी शांत होईल, एकही नळ नाही, दात सरळ, मुंगी वेळेवर – आणि एखाद्या सकाळी पेला पुढे सरकवून मुंगी वाट बघतेय, जीभ दाखव ना आई, जीभ दाखव...

“काय गं, कंटाळलीस?” डॉक्टरबाई मुंगीला म्हणाल्या. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्यांनी त्याची टोकं मुंगीच्या कानांत अडकवली, दुसरं टोक तिच्या आईच्या छातीवर ठेवलं. “ऐक. आईचं हृदय. काय करतंय सांग बरं?”

मुंगी ऐकत होती. तिचा चेहरा बदलला. एवढ्या जवळून, एवढं मोठं तिने ते कधी ऐकलं नव्हतं. ओठ उघडले – ‘पळ...’ एवढं जवळजवळ बाहेर आलं होतं, ते तिने दातांनी पकडलं. मग आईकडे बघितलं. ती नजर पोरीची नव्हती. घरात पाहुणे असताना थोरल्या बहिणीने धाकटीला सांभाळून घ्यावं, तशी: मी आहे, तू घाबरू नकोस.

“काही नाही,” मुंगी म्हणाली. “काहीच करत नाहीये.”

डॉक्टरबाई हसल्या. “काहीच नाही? बापरे.”

इतकं सहज. श्वास सोडावा तसं.

हे मी दिलं तिला. वेंधळेपणा उतरला नाही म्हणून सगळे सुटले होते – हे उतरलं. लाँड्रीत तिला विसरले तेव्हा ती झोपेत होती, तिला काही कळलं नाही. आज ती जागी होती, बाकावर, आणि राखण करत होती माझी, पाय जुळवून, ओठ जुळवून. आणखी काही वर्षांनी कोणी विचारलं, आई कुठे गं, आईला काय झालं, तरी ही अशीच म्हणेल...

पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज झाला.

तिचा हात खिशात होता, कधीपासून कोण जाणे. बोटांना काहीतरी मऊ लागलं, चिकट. हात बाहेर काढला. सकाळची कॅप्सूल, घामाने तिचं टरफल विरघळायला लागलं होतं, निळा रंग तळहाताच्या रेघांत उतरला होता, आणि एका बाजूने ते दाणे बाहेर येत होते, खसखशीएवढे, एक एक.

तिने तो हात टेबलावर ठेवला. उपडा नाही, उताणा.

“ही आजची,” ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तळहाताकडे बघितलं, मग तिच्याकडे. पेन कागदावर टेकलेलं, तिथे शाईचा ठिपका वाढत होता. त्या रागावल्या नाहीत, किंवा रागावल्या असतील, तिला वाचता येईना. त्यांनी खुर्ची पुढे घेतली.

“आणि रोज घेता तेव्हा? काय होतं?”

आता बोलायचं होतं. बोललं की त्या ‘बंद’ म्हणू शकतील. त्या शब्दापुढे कोपऱ्यावरची लाँड्री होती, फाटक लोटलेलं पटांगण होतं, उलटे दात होते. कमी करतील कदाचित, बदलतील कदाचित, काहीतरी तिसरं असेल जे तिला माहीतच नाही... किंवा नसेल. छातीत एक ठोका लवकर आला, मग एक गाळलेला, आणि त्या रिकाम्या जागेच्या काठाशी ती उभी राहिली, नेहमीसारखी. फक्त या वेळी तिने तोंड मिटून घेतलं नाही.

मुंगी स्टेथोस्कोप कानांतून काढायचा विसरली होती, दुसरं टोक तिने एका हाताने आईच्या छातीवर तसंच धरलं होतं. तिने आईची बाही ओढली, आणि हळूच नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“आई, ते आलं बघ. पळतंय.”

तिने मुंगीला शू केलं नाही.